राष्ट्रीय ऑनलाइन सुरक्षा दिवस: आखणी कशी असावी? मतं आणि मदत हवी

शिरीषकळी

नमस्कार मंडळी,

आमच्या स्वयंसेवी गटाने एक काम अंगावर घेतलं आहे. ऑनलाइन सुरक्षेसाठी राष्ट्रीय जागृती दिवस कसा आखावा याचा नमुना आराखडा लिहायचा आहे. तो एका देशापुरता नाही. कुठल्याही देशाने उचलावा, आपली हेल्पलाइन आणि आपले कायदे त्यात भरावेत आणि कामाला लागावं, असा हवा आहे. मराठी मसुदा माझ्याकडे आहे. तो पक्का होण्याआधी इथल्या लोकांनी त्यावर हात फिरवावा असं वाटतं, कारण बँकेतले, शाळेतले, संगणक सुरक्षेतले, समुपदेशनातले असे सगळेच इथे लिहितात.

असे दिवस नवे नाहीत. ३० नोव्हेंबरचा संगणक सुरक्षा दिवस १९८८ पासून आहे. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने हजारो संगणक ठप्प केले होते. 'सेफर इंटरनेट डे' २००४ मध्ये युरोपीय संघाच्या एका प्रकल्पातून सुरू झाला, पुढे इनसेफ या युरोपातल्या सुरक्षा केंद्रांच्या जाळ्याने तो वाढवला, आणि आज दीडशेहून जास्त देशांत तो फेब्रुवारीत पाळला जातो. अमेरिकेत २००४ पासून आणि युरोपात २०१२ पासून ऑक्टोबरचा अख्खा महिना याच कामाला दिलेला आहे. भारतात दर महिन्याचा पहिला बुधवार सायबर जागरूकता दिवस म्हणून ठरवलेला आहे.

या सगळ्यांची पत्रकं, पोस्टरं, व्हिडिओ मी गोळा करून वाचले. जवळपास सगळ्यांचा सूर एकच: सावध राहा. अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, फोटो पाठवू नका. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण ज्याची कालच फसवणूक झाली आहे, त्याने ते पोस्टर वाचल्यावर त्याला काय कळतं? की हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच कळलं नाही. मग तो गप्प बसतो. तो गप्प असतो तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात, फोटो आणखी दहा ठिकाणी पोचतो, आणि फसवणारा तोवर दुसऱ्या कुणाला तरी गाठतो.

म्हणून माझा आग्रह असा की दिवसाचा मध्यवर्ती संदेश 'सावध राहा' हा नकोच. 'झालं तर लगेच सांगा' हा हवा. कुणाला सांगायचं, कसं, पहिल्या तासात काय करायचं, आणि सांगणाऱ्याशी घरच्यांनी, शाळेने, बँकेने कसं वागायचं, याभोवती सगळा दिवस बांधावा.

तुमचं मत हवं आहे. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

रोखठोक

विरोध आहे. दिवस कशाला? तुम्हीच इतके मोजलेत. त्यात २८ जानेवारीचा डेटा संरक्षण दिवस आणि मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारचा पासवर्ड दिवस राहिला. इतके दिवस असून फसवणूक थांबलेली नाही. आणखी एक दिवस म्हणजे आणखी एक बॅनर, एक शपथ आणि एक फोटो. हा पैसा वर्षभर हेल्पलाइन नीट चालवायला द्या.

शिरीषकळी

@रोखठोक, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच दिवस हवा असं मला वाटतं. तो लोकांसाठी जितका, त्याहून जास्त यंत्रणांसाठी हवा. एकदा तारीख जाहीर झाली की त्या तारखेपर्यंत हेल्पलाइनचा फोन उचलला गेला पाहिजे, तक्रारीचा अर्ज सोप्या भाषेत आला पाहिजे, बँकांचा रात्रीचा क्रमांक चालू असला पाहिजे. मुदतीशिवाय ही कामं वर्षानुवर्षं रेंगाळतात. शपथ आणि बॅनर मसुद्यात नाहीत, कुणी घुसवायला गेलं तर मी भांडेन.

खटपट्या

माझं काम संगणक सुरक्षेतलं. धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याला पुरावा देतो.

झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १५ महिने प्रयोग केला, १४ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर. त्यांना मधूनमधून खोट्या फसव्या मेल पाठवल्या. जो क्लिक करेल त्याला लगेच 'तुम्ही फसलात, असं ओळखायला हवं होतं' असा धडा दाखवायचा. या धड्याने लोक जास्त सावध झाले नाहीत. पण त्याच प्रयोगात मेलच्या खिडकीत 'संशयास्पद मेल कळवा' असं बटण दिलं होतं. ते लोकांनी वापरलं, आणि महिनोन्महिने वापरत राहिले. अशा कळवण्यातून नव्या फसव्या मेलचा सुगावा फार लवकर लागत होता. म्हणजे एकेकट्या माणसाला अचूक ओळखायला शिकवणं अवघड, पण सगळ्यांनी मिळून कळवणं जमतं.

ब्रिटनने हेच देशपातळीवर केलं. एप्रिल २०२० पासून तिथे संशयास्पद मेल एका ठरलेल्या सरकारी पत्त्यावर पुढे ढकलता येते, आणि फसवा एसएमएस ७७२६ या क्रमांकावर पाठवायची सोय तर त्याआधीपासूनच आहे. जुन्या कीपॅडवर हे आकडे दाबले की 'स्पॅम' अशी अक्षरं होतात, त्यामुळे लक्षात राहतं. तुमच्या आराखड्यात अशी एक जागा हवीच, जिथे फसवणूक झालेली नसतानाही माणूस नुसता संशय कळवू शकेल. त्यातून सांगण्याची सवय लागते.

दोन धोक्याच्या सूचना.

पहिली, जुनाट सल्ले गाळा. 'दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला' हे अजून पत्रकांत छापलं जातं. हा नियम तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या एका जुन्या दस्तऐवजातून जगभर गेला. त्याच संस्थेने २०१७ मध्ये तो मागे घेतला, आणि मूळ मजकूर लिहिणारे बिल बर यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. लोकांना सारखे पासवर्ड बदलायला लावलं की ते शेवटचा आकडा तेवढा बदलतात. आता सांगायचं ते असं: पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक खात्याला वेगळा ठेवा, लक्षात राहत नाहीत म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा, आणि जिथे मिळेल तिथे टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच खातं उघडणं) चालू करा. फार सल्ले द्यायचे नसतील तर ईमेलचं खातं आधी पक्कं करा एवढं सांगा. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात का' हे दुवे तिथेच येतात.

दुसरी, या दिवसाचंच नाव वापरून फसवणूक होणार. 'राष्ट्रीय सुरक्षा दिवसानिमित्त खातं पडताळून घ्या, खाली क्लिक करा' असे मेसेज पहिल्या सकाळी निघतील, धरून चला. म्हणून आतापासून एक नियम ठरवा आणि तो जाहीर करा: या दिवसाच्या वतीने कुणालाही लिंक जाणार नाही, कुठलंही ॲप उतरवायला सांगितलं जाणार नाही, नोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही, क्यूआर कोडही नाही. क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटवायला किती वेळ लागतो!

मास्तरीण

प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर शाळा नाराज होतील :) पण नियम एकदम पटला.

पानगळ

सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमांमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, त्या अनुभवावरून पोस्टरांबद्दल लिहिते. तो टोपी ओढलेला, काळ्या कपड्यांतला हॅकर, हिरवे आकडे, कवटी: हे कृपा करून नको.

भीती दाखवून माणसं वागणूक बदलतात का, यावर खूप अभ्यास झाला आहे. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेलं प्रारूप आम्ही कामात नेहमी वापरत असू. त्याचा गाभा असा: धोका मोठा दाखवलात आणि त्यावर मला काय करता येईल हे नाही सांगितलंत, तर माणूस धोक्याकडे पाठ फिरवतो. 'माझं असं होणार नाही' म्हणतो किंवा तो विषयच टाळतो. धोका आणि त्याच्या शेजारी हाताने करता येईल अशी सोपी, कामाला येणारी कृती असेल तरच तो पुढे सरकतो. म्हणजे भीतीच्या प्रमाणात आधार हवा. धागाकर्तीचा 'लगेच सांगा' हा संदेश म्हणूनच चांगला आहे, पण पोस्टरवर क्रमांक सगळ्यात मोठा हवा. चित्राहून मोठा, घोषवाक्याहून मोठा, मंत्र्यांच्या फोटोहून तर हवाच हवा.

फोनपलीकडे

मी हेल्पलाइनवर बसते. नाव-गाव सांगणार नाही, पण तिथे काय दिसतं ते सांगते.

फसवणुकीचे प्रकार कितीही असोत, एक वाक्य जवळपास प्रत्येकात असतं: कुणाला सांगू नका. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवणारा म्हणतो, चौकशी गुप्त आहे, घरच्यांना कळलं तर तेही अडकतील. प्रेमाचं नाटक करणारा म्हणतो, आपल्या दोघांतलं आहे. गुंतवणुकीवाला म्हणतो, ही संधी निवडक लोकांनाच आहे. खासगी फोटोवरून धमकावणारा म्हणतो, कुणाला बोललास तर आत्ता पाठवतो. मुलांना गाठणारा म्हणतो, हे आपलं गुपित. प्रत्येकाला समोरचा माणूस एकटा हवा असतो. म्हणून मला वाटतं की 'सांगा' हा फक्त नंतरचा उपाय नाही. सांगण्याची सवय असलेल्या माणसाला फसवणंच कठीण जातं, कारण तो अर्ध्या वाटेवरच कुणाला तरी विचारतो. लोकांना पन्नास प्रकारच्या फसवणुकी पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक खूण शिकवा: जो म्हणतो सांगू नकोस, त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

आता कामाचं. फोन करणारे बहुतेक जण पहिलं वाक्य म्हणतात, 'चूक माझीच आहे.' त्यावर फोन घेणारा काय बोलतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. 'तुम्ही ओटीपी दिलाच कसा?' हा प्रश्न तक्रार नोंदवायला लागत नाही, तरी तो विचारला जातो. फोन घेणाऱ्यांची पहिली वाक्यं आराखड्यात ठरवून द्या. मी असं म्हणते: 'फोन केलात ते चांगलं केलंत. अशी फसवणूक करणं हा त्यांचा धंदा आहे. आता आपण मिळून पुढचं बघू. पैसे किती वाजता गेले?' चौथ्या वाक्याला आपण कामावर आलेलो असतो.

आणि लोकांनी घाबरून करू नये अशा गोष्टी: चॅट पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका, समोरच्याचं खातं ब्लॉक करण्याआधी त्याचं नाव, क्रमांक, प्रोफाइलची लिंक आणि मेसेजच्या वेळा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. फोनचा ताबा दुसऱ्याला देणारं ॲप उतरवलं असेल तर इंटरनेट लगेच बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. धमकावणाऱ्याला पैसे दिले तर तो थांबत नाही, पुन्हा मागतो.

आणखी एक, जे मी कुठल्याच पत्रकात पाहिलेलं नाही. एकदा फसलेल्या माणसाला काही दिवसांनी दुसरा फोन येतो: 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडं शुल्क भरा.' कधी तो वकील असतो, कधी अधिकारी, आणि त्याला रक्कम, तारीख सगळं माहीत असतं, कारण फसलेल्यांची यादी आधी फसवणाऱ्यांकडूनच आलेली असते. तक्रार नोंदवून फोन ठेवताना आम्ही हे प्रत्येकाला सांगतो. दिवसाच्या पत्रकातही ते हवं.

शेवटी विनंती. त्या दिवशी आमच्याकडे माणसं वाढवा. देशभर क्रमांक झळकला आणि फोन लागला नाही, तर ज्याने पहिल्यांदा धीर केला तो पुन्हा करणार नाही.

खतावणी

बँकेतून. वेळेचं इतकं महत्त्व का, ते थोडक्यात.

गेलेले पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात सहसा जात नाहीत. ते भाड्याने घेतलेल्या खात्यांत जातात, तिथून फुटून अनेक खात्यांत, आणि मग रोख काढले जातात किंवा आभासी चलनात बदलले जातात. जोवर ते कुठल्या तरी बँकेच्या खात्यात आहेत तोवरच गोठवता येतात. भारतात १९३० ही हेल्पलाइन आणि तिच्यामागे बँकांना जोडणारी यंत्रणा याच हिशेबाने उभी केली आहे: तक्रार आली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना, ती पुढच्या बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितक्या कमी उड्या झालेल्या असतात. आराखड्यात 'हेल्पलाइन' एवढंच लिहू नका, तिच्यामागे बँकांची अशी साखळी आहे का हे प्रत्येक देशाने तपासावं असं लिहा. साखळी नसेल तर हेल्पलाइन नुसती नोंदवही होते.

फोन करताना जवळ हवं ते: रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक, कुठल्या खात्यातून गेले. एवढं असलं तरी पुरे, बाकी नंतर देता येतं.

बँकेचा क्रमांक सर्च करून शोधू नका. खोटे ग्राहकसेवा क्रमांक तिथेच पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा. दिवसाच्या दिवशी हाताने करून घ्यायची एक कृती हवी असेल, तर माझं मत हिलाच: हेल्पलाइन आणि बँक, दोन क्रमांक फोनमध्ये. विहीर आग लागण्याआधी खणलेली बरी.

आणि ती खाती भाड्याने देणारी माणसं, त्यात बरेच तरुण असतात, त्यांनाही हा दिवस आहे. 'खातं वापरायला दे, टक्केवारी घे' हे स्वीकारणं हा गुन्ह्यातला सहभाग आहे, हे कॉलेजांत स्पष्ट सांगा.

तिन्हीसांज

वाचत होते, लिहावंसं वाटलं. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे झालं. त्यांनी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नाही. कळल्यावर मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, 'तुम्ही माझ्याकडून फोन काढून घेतला असता.'

पैशांचं दुःख त्यांना होतंच, पण त्याहून मोठी भीती ही होती. बँकेचा व्यवहार, मित्रांशी बोलणं, भावाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या फोनवर. आम्ही त्यांना लहान मुलासारखं वागवायला लागू, याची धास्ती.

मास्तरीण

@तिन्हीसांज, हे वाचून थांबले. कारण शाळेतली मुलं अगदी हेच, याच शब्दांत सांगतात. 'घरी सांगितलं तर फोन जाईल.' सातवीतल्या मुलीला कुणी घाणेरडे मेसेज पाठवत असतं आणि ती ते सहन करत राहते, कारण तिच्या मैत्रिणी, तिचा गृहपाठाचा ग्रुप, तिची चित्रं सगळं त्या फोनमध्ये आहे. तक्रार केल्याची शिक्षा तिलाच, असा हिशेब ती मांडते, आणि बऱ्याच घरांत तो बरोबर निघतो.

म्हणून शाळांसाठी माझी सूचना: त्या दिवशी मुलांना भाषण देऊ नका, पालकांना बोलवा. पालकांकडून एकच वचन घ्या, तेही मुलांसमोर: 'ऑनलाइन काही वाईट झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर तुझा फोन जाणार नाही आणि ओरडा बसणार नाही.' हे वचन देणं पालकांना किती जड जातं ते मी पाहिलं आहे. काही जण स्पष्ट नकार देतात. पण ज्या घरात दिलं गेलं तिथली मुलं बोलतात.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर टिप्पणी क्रमांक २५ प्रसिद्ध केली. संरक्षणासोबत माहिती मिळवण्याचा, व्यक्त होण्याचा, खासगीपणाचा हक्कही त्यात आहे. मुलांना ऑनलाइन जगातून बाहेर काढणं हा सुरक्षेचा मार्ग म्हणून मांडू नका, एवढं आराखड्यात यावं. आणि आखणी करणाऱ्या गटात चार मुलं बसवा. पोस्टर रंगवायला नको, ठरवायला.

रोखठोक

सगळ्याच पालकांना हे वचन देता येणार नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हातातून फोन काढून घेणं कधीकधी बरोबरच असतं.

मास्तरीण

@रोखठोक, बरोबर. वापरावर वयानुसार मर्यादा असाव्यातच, त्या आधीपासून ठरलेल्या असाव्यात. माझं म्हणणं एवढंच की सांगितल्याच्या बदल्यात त्या लादू नयेत. मुलाच्या मनात या दोन गोष्टी जोडल्या गेल्या की पुढच्या वेळी ते येत नाही.

शिरीषकळी

@तिन्हीसांज, तुमचे मनापासून आभार. तुमच्या आणि मास्तरीणबाईंच्या प्रतिसादांनी मसुदा बदलला. 'फोन काढून घेणार नाही' हे वचन मी दोन्ही बाजूंसाठी घालते: आईवडिलांनी मुलांना द्यायचं, आणि मोठ्या झालेल्या मुलांनी आईवडिलांना.

काठावर१९

कॉलेजात शिकतो. फोटोवरून धमकावण्याबद्दल वर थोडकंच आलंय, आमच्या वयात हेच सगळ्यात जास्त लपवलं जातं, आणि मुलगे तर अजिबात बोलत नाहीत. मित्राच्या वेळी आम्हाला एवढंच कळत होतं की पैसे द्यायचे नाहीत. पण फोटो बाहेर पडू नये म्हणून काय करता येतं?

खटपट्या

@काठावर१९, फार महत्त्वाचं विचारलंस. दोन मोफत सेवा आहेत. १८ वर्षांवरच्यांसाठी स्टॉपएनसीआयआय, डिसेंबर २०२१ पासून. आणि फोटो काढला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी या बालसंरक्षण संस्थेची 'टेक इट डाउन', २०२३ पासून. नाव न देता वापरता येते.

लोक बिचकतात ते इथे: 'म्हणजे तोच फोटो मी आणखी कुणाला द्यायचा?' द्यायचा नाही. फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो. तिथल्या तिथे त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा पाठवला जातो. ठशावरून फोटो परत तयार करता येत नाही. सहभागी कंपन्या तो ठसा आपल्याकडे चढणाऱ्या फोटोंशी ताडून पाहतात आणि जुळला तर अडवतात. मर्यादाही सांगतो: सहभागी कंपन्यांपुरतंच हे चालतं, आणि फोटोत बदल केला असेल तर ठसा जुळेलच असं नाही. तरीही धमकी आल्या आल्या, फोटो बाहेर पडायच्या आधी हे करता येतं, हा मोठा आधार आहे.

फोनपलीकडे

भर घालते: १८ खालच्या मुलाचा नग्न फोटो असेल तर पुरावा म्हणूनसुद्धा तो शिक्षकांना, नातेवाइकांना, ग्रुपवर पुढे पाठवू नका. बऱ्याच देशांत तसा फोटो पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. खात्याचं नाव, लिंक आणि वेळ कळवली तरी तक्रार उभी राहते.

आणि काठावर, मुलगे बोलत नाहीत हे खरं आहे. म्हणून पोस्टरवर नेहमी रडणारी मुलगी दाखवू नका.

सहा_ठिपके

मी पाहू शकत नाही, फोन स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) वापरतो. जागृतीचा सगळा मजकूर चित्राच्या फाइलमध्ये येतो, आणि माझा फोन त्याला 'प्रतिमा' एवढंच म्हणतो. हेल्पलाइनचा क्रमांक त्या चित्रात कोरलेला असतो. मजकूर मजकुराच्याच रूपात द्या. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ ठेवा, वेबच्या सुलभता नियमांत तेच प्रमाण आहे. व्हिडिओला सांकेतिक भाषा आणि सबटायटल द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही एकच गोष्ट चालेल: छोटा ऑडिओ.

सल्ल्यांबद्दलही. 'लोगो नीट बघा', 'कुलपाचं चिन्ह आहे का बघा' हे मला उपयोगाचं नाही आणि खरं तर कुणालाच नाही. कुलूप फक्त साइटशी होणारी देवाणघेवाण मधल्या कुणाला वाचता येत नाही एवढं सांगतं, फसव्या साइटलाही ते असतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं. आणि तक्रारीच्या अर्जावर वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावू नका. फसवणूक झाली आहे हे कळूनही मला तो अर्ज पुरा करता येत नाही.

पानगळ

तारखेचं कुणी बोललं नाही. आमच्या कामातले नियम सांगते: परीक्षांचा काळ नको, निवडणुकीच्या आसपास नको, शनिवार-रविवार नको, लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी मुळीच नको, कारण बँका आणि कार्यालयं बंद असताना लोकांना 'लगेच कळवा' म्हणणं अन्याय आहे. फेब्रुवारीतल्या जागतिक दिवसाला जोडून घेतलंत तर साहित्य आयतं मिळेल. फक्त तो दिवस 'दुसरा मंगळवार' असं लिहू नका. दुसऱ्या आठवड्याचा दुसरा दिवस असा तो मोजतात. २०२४ मध्ये तो ६ फेब्रुवारीला, म्हणजे पहिल्याच मंगळवारी आला होता.

खतावणी

पगाराच्या तारखाही टाळा. त्या दिवसांत आमच्याकडे फोन आधीच तुंबलेले असतात.

शिरीषकळी

नोंदवलं. आता पैशांचा प्रश्न. काही मोठ्या समाजमाध्यम कंपन्या खर्च उचलायला तयार असतात. घ्यावेत का?

रोखठोक

नको. ज्यांच्या जाहिरातींतून खोट्या गुंतवणुकीच्या योजना लोकांपर्यंत पोचतात, त्यांचाच लोगो सुरक्षा दिवसाच्या पोस्टरवर? लोक काय समजतील?

खटपट्या

पैसे नकोत, काम मागा. तक्रारीचं बटण आज तीन-चार पडदे आत असतं, ते पहिल्या पडद्यावर आणा. तक्रारीला माणसाने उत्तर द्यावं आणि किती तासांत, ते जाहीर करा. जाहिरात देणाऱ्याची ओळख पडताळा. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी आयुक्तालय स्थापन केलं, पुढे ते सगळ्यांसाठी केलं, आणि मजकूर हटवायला लावण्याचा कायदेशीर अधिकार त्याला दिला. दिवसाच्या व्यासपीठावरून नागरिकांना सूचना देताना कंपन्यांनाही जाहीर प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सगळा भार वापरणाऱ्याच्या सावधपणावर टाकायचा, ही जुनीच खोड आहे.

रोखठोक

हे असेल तर माझा विरोध बराच मावळला. एक सूचना करतो. यशाचं मोजमाप आत्ताच ठरवा. किती शाळांत कार्यक्रम झाला, किती लोकांनी पाहिलं, हे मोजू नका. फसवणूक झाल्यापासून तक्रार येईपर्यंत सरासरी किती वेळ जातो, तो दिवसाच्या आधी आणि सहा महिन्यांनी मोजा. तो कमी झाला तर दिवस कामाचा. आणि हा दिवस नीट झाला तर तक्रारींची संख्या वाढणार आहे. वृत्तपत्रांना ते आधीच समजावून सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बातमी येईल की गुन्हे वाढले, आणि कुणीतरी अधिकारी घाबरून तक्रारी घेणंच कमी करेल.

शिरीषकळी

@रोखठोक, हा मुद्दा सगळ्यात वर घेते, वेळ हेच मुख्य मोजमाप. पत्रकारांसाठीचं टिपण तुम्ही लिहाल का? @फोनपलीकडे, तुमची ती चार वाक्यं जशीच्या तशी परिशिष्टात घालू का? ऑडिओची संहिता मी लिहिते, दोन मिनिटांच्या आत बसेल अशी.

रोखठोक

लिहितो.

फोनपलीकडे

घाला. फक्त 'तुम्ही' आणि 'तू' अशा दोन्ही प्रती करा. मुलं फोन करतात तेव्हा 'तुम्ही' ऐकून गोंधळतात.

सहा_ठिपके

ऑडिओ तयार झाला की मला पाठवा, मी आणि माझे दोन मित्र ऐकून कळवू. क्रमांक सुरुवातीलाच सांगा, दोनदा, आणि एकेक आकडा सुटा म्हणा. मागे संगीत ठेवू नका, क्रमांक त्यात बुडतो.